लिंबाचा बर्फ

"हात लावू नका!"

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू पाहुण्याचं स्वागत असं करायच्या. तेही दार पूर्ण उघडायच्या आधी. अशा काकू तुमच्याही सोसायटीत असतील. कोथरूडला राहत असाल तर किमान दोन.

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर प्रयोगशाळा बाल्कनीत आली. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं सुती कापड चुरगळून जाळीवर ठेवायचं, वर बर्फाचा ढीग, त्यावर रंगाची पूड. बर्फ वितळेल तसा रंग कापडात उतरतो. आपण दिवसभर नुसतं बसायचं. मला जमेल असं काहीतरी जगात आहे, हे मला पन्नाशीत कळलं. पण माझ्याकडे काम होतं फक्त बर्फ पुरवण्याचं. "तुमच्या घरात फ्रिज तरी काम करतो," असं त्या कौतुकाने म्हणत.

त्यांना रंग एकच हवा होता. खंड्याच्या पाठीचा, धड निळा नाही, धड हिरवा नाही. समोरच्या तारेवर खंड्या रोज येऊन बसायचा आणि काका पलंगावरून त्याला बघत पडायचे. मग समोर बारा मजले उभे राहिले. तार गेली, खंड्याही गेला. त्याआधीच पक्षाघाताने काकांचे सगळे शब्द नेले होते. "नाही" तेवढा ठेवला होता.

"पुण्यात तेवढ्यावर निभतं," मी म्हणालो.

काकू हसल्या नाहीत. "मला त्यांच्या तोंडून दुसरा एखादा ऐकायचाय," म्हणाल्या.

म्हणून त्या रंगाचा पडदा, काकांच्या समोरच्या खिडकीला. पहिला लागला. काका म्हणाले, "नाही." दुसरा, तिसरा. "नाही." चौथ्याला मी "हुबेहूब!" असं ओरडलो. काकू म्हणाल्या, "तुम्हाला कोणी विचारलं?" काका म्हणाले, "नाही." घरात माझ्याबद्दल एकमत होतं.

पाचव्या पडद्याला मला बढती मिळाली. बर्फ मी स्वतःच्या हाताने रचायचा. रचला. दुसऱ्या दिवशी बायकोने फ्रीझर उघडला. "अहो, उन्हाळ्यासाठी लिंबाचा रस गोठवला होता, तो ट्रे कुठंय?"

मी जिन्याने वर धावलो. काकू धुतलेला पडदा खिडकीला लावत होत्या. मधोमध वीतभर पांढरा डाग.

"लिंबू," मी म्हणालो. "चुकून."

"आम्ल," त्या थंडपणे म्हणाल्या. "सोडा मारलात तुम्ही. इथे रंग बसलाच नाही."

"बसलाय," पलंगावरून आवाज आला.

काकूंच्या हातातला चिमटा खाली पडला. नवऱ्याच्या उलट उत्तराने रडू फुटलेल्या बायका मी पाहिल्यात. आनंदाने रडणारी ही एकच.

काका डाव्या हाताने त्या डागाकडे बोट करत होते, मग स्वतःच्या छातीकडे. खंड्याची छाती पांढरी असते. पाठीच्या नादात काकू ती विसरल्या होत्या. मी तर खंड्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं.

"बसलाय," काका पुन्हा म्हणाले. मी डाग जवळून बघायला गेलो.

"हात लावू नका," काकू म्हणाल्या. पण हळू.

काका गेले, तेव्हा तो पडदा खिडकीलाच होता. नंतर काकू बिबवेवाडीला लेकीकडे राहायला गेल्या, पडदा घडी करून घेऊन गेल्या. माझा ट्रे घासूनपुसून परत केला. त्याला चिठ्ठी चिकटवली होती: "यात लिंबूच ठेवावे."

बायको दर उन्हाळ्यात त्यात लिंबू पिळून ठेवते. सरबतासाठी आम्ही दुसरा ट्रे आणलाय. याला कोणी हात लावत नाही.