काजळाच्या डबीतली मिश्री

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलायला सोपं जातंय — हाही भित्रेपणाच, पण असो.

मी लातूरला फार्मसी कॉलेजात शिकवते. दरवर्षी एक तास जिभेखाली ठेवायच्या गोळीवर असतो. मुलांना आरसा आणायला सांगते, जीभ वर करायला लावते. वर्गात नुसती हसाहशी! त्या निळ्या शिरा दिसतात ना, म्हणते, तिथली कातडी पातळ असते, औषध तिथून थेट रक्तात जातं, पोटाचा फेरा पडत नाही. छातीत कळ आलेल्या माणसाला थांबायला वेळ कुठं असतो? मुलं लिहून घेतात. त्या तासाला मी स्वतः मात्र कधी जीभ वर करून दाखवत नाही. कुणाच्या लक्षात आलं असेल का? नसावं.

मी मुखेडकडची. आमच्याकडं दुपारची भांडी झाली की बायका ओसरीवर टेकायच्या आणि मिश्रीची डबी फिरायची. तव्यावर करपवलेली तंबाखू, कुटून काळी भुकटी केलेली, बोटानं दातांना घासायची. एकदा माझी दाढ ठणकत होती, तर आत्यानं चिमूटभर लावली. दाढेचा ठणका थांबला, मिश्री काही थांबली नाही. पुढं नांदेडला शिकायला गेले तर होस्टेलच्या सगळ्या मुली पेस्टनं दात घासणाऱ्या. आणि मी एम.फार्म.ला, सगळ्यांत मोठी, सगळ्यांची ताई! मग काय — काजळाची रिकामी डबी घेतली आणि तीत मिश्री भरली. सगळ्यांच्या आधी उठून मोरीत जायची. मुली म्हणायच्या, आमच्या ताई किती शिस्तीच्या.

माझा प्रोजेक्ट जिभेखाली विरघळणाऱ्या गोळीचाच होता. गोळी पटकन विरघळायची तर तोंडाला लाळ सुटायला हवी, म्हणून तीत मी सायट्रिक ॲसिड घातलं — घरी आपण लिंबूसत्व म्हणतो, तेच. जरा सढळ हातानं घातलं. काचेच्या भांड्यात गोळी झकास विरघळायची. प्रत्येक नवी गोळी मी आधी माझ्या जिभेखाली ठेवून बघायची. कधी काही झोंबलं नाही, कधी काही टोचलं नाही. जमली बाई एकदाची, असं वाटायचं.

मग औषध न घातलेल्या कोऱ्या गोळ्या काही मुलींना देऊन बघायचं ठरलं. कॉलेजची रीतसर परवानगी घेतली होती. आमच्या गाइड सरांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, तंबाखू, सुपारी, मिश्री असलं काही कुणी लावत नाही ना? मुली खिदळल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. हसावंच लागलं हो.

त्यांत रेणुका होती. इस्लापूरकडची, आश्रमशाळेत शिकून आलेली, बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला. बोलायची कमी, पण हात असा नेटका की सरांनी तिला पुढं आपल्या लॅबमध्ये घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. तिचं एकच म्हणणं असायचं — "ताई, मला गोळ्या इकायच्या न्हाईत, बनवायच्या हायत."

बाकीच्या मुली गोळी तोंडात धरून माझ्याकडं बघत होत्या. छान आहे ताई, मस्त आहे ताई. ताईची गोळी वाईट कशी म्हणणार? रेणुकाच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. तिनं रुमालात थुंकलं आणि सरांच्या देखत म्हणाली, "लई झोंबून राहिली ताई. अन् खाली रेतीवानी उरतंय." आणि चूळ भरायला बाहेर गेली.

माझं डोकंच फिरलं. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि ही पोरगी दोन वाक्यांत —

मी सरांना म्हणाले, "सर, तिचं नका धरू. ती मिश्री लावते."

दुसरं काही सुचलं नाही का? तिला ताप आहे म्हणता आलं असतं, तोंड आलंय म्हणता आलं असतं. पण जे माझ्या स्वतःच्या तोंडात होतं तेच मी तिच्या तोंडात घातलं. आणि सरांना लगेच पटलं. खेड्यातली, आश्रमशाळेतली मुलगी — पटायला काय लागतं? मीही खेड्यातलीच होते, पण माझा कुणाला संशय नव्हता.

सरांनी रेक्टर बाईंच्या कानावर घातलं. बाईंनी सगळ्यांसमोर रेणुकाची पेटी उघडायला लावली. दोन ड्रेस, पुस्तकं, घरून आणलेली चटणी. मिश्री कुठून निघणार? तरी मुली तिला मिश्रीवाली म्हणायला लागल्याच. मी काय केलं? मी तिच्याजवळ खाली बसले आणि तिच्या कपड्यांच्या घड्या घालून पेटीत ठेवू लागले. ती हुंदके देत म्हणाली, "तुमीच एक हाव ताई माज्या बाजूनं." माझी काजळाची डबी तिथंच होती, माझ्या कपाटात.

दिवाळीत मी लातूरला बहिणीकडं आले आणि तापानं पडले. बहीण उशाशीच, त्यामुळं काही दिवस मिश्रीला बोट लागलं नाही. ताप उतरल्यावर सहज पर्समधली एक गोळी जिभेखाली ठेवली. आई गं! आग आग झाली. आणि विरघळून झाल्यावर खाली बारीक कचकच, रेणुका म्हणाली होती अगदी तशीच. मिश्रीनं माझं तोंड बधिर झालं होतं आणि त्या बधिर तोंडानं मी गोळी पास करत आले होते.

परत गेल्यावर मी सायट्रिक ॲसिड कमी केलं, बाकीची भुकटी आणखी बारीक चाळून घेतली. गोळी खरंच चांगली झाली. सरांनी पाठ थोपटली. त्या वेळी एवढंच म्हणायचं होतं — सर, रेणुका खरं बोलली होती. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुला कसं नाही जाणवलं? त्या एका प्रश्नाला मी भ्याले. लॅबमधली ती जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. परीक्षा झाल्यावर रेणुका पेटी घेऊन गेली, मी तिला गाडीत बसवून दिलं. खिडकीतून ती हात हलवत राहिली.

आज तिचं किनवटला मेडिकल आहे. गोळ्या विकते. परवा फोनवर सांगत होती, कुणी म्हातारं माणूस जिभेखालची गोळी न्यायला आलं की त्याला समजत नाही, गिळून टाकतं. "मग मी सोता जीब वर करून दाखवते ताई, हितं ठेवायची म्हणून. काउंटरवरची पोरं हासतेत. हासू द्या." मग म्हणाली, तुमच्याकडूनच शिकले, तुम्ही होता म्हणून त्या होस्टेलात टिकले. मी म्हणाले, असू दे गं.

दर वर्षी ती सीताफळं पाठवते. या वर्षीही आली, पाल्यात नीट बांधलेली, एकही दबलेलं नाही. मी खाल्ली. बिया कागदात गुंडाळून टाकल्या, हात धुतले, आणि कपाटातून काजळाची डबी काढली.