नणंदेचा मोठा पॅक

माझ्या नणंदेला जन्मापासून ऐकू येत नाही. लोकांना वाटतं, अशी माणसं गप्प असतात. त्यांनी आमच्याकडे येऊन दोन दिवस राहावं. सकाळी डोळे उघडल्यापासून हिचे हात जे सुरू होतात ते रात्री पांघरुणात शिरेपर्यंत. दूध नासलं, हातवारे. समोरची बाई जाड झाली, गाल फुगवून हातवारे. घरातल्या प्रत्येकाला तिने हातांचं नाव ठेवलंय. माझ्या नवऱ्याचं नाव म्हणजे पोटावरून गोल फिरवलेला तळवा. माझं नाव म्हणजे दोन भुवयांच्या मधे चिमटीत धरलेली आठी. लग्न होऊन आठवडा झाला नव्हता तेव्हा ते ठेवलं, अजून बदललेलं नाही. बदलावं असं मीही काही केलं नसेल.

आमच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य आहे असं नाही, पण अगदी गळ्यात गळाही नाही. एका घरात दोन बायका राहतात तशा आम्ही राहतो. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला जाते. पँटची उंची कमी करणं, कोटाचं अस्तर बदलणं, दुसऱ्याने बिघडवलेली शिवण उसवून पुन्हा घालणं. पगार झाला की पाकीट भावाच्या हातात देते आणि त्यातून थोडे पैसे स्वतःकडे ठेवून घेते. तिला कपड्यांचा सोस नाही, दागिन्यांचा नाही, कुठे फिरायला जायचं म्हणत नाही. तिची चैन एकच, फोनचा मोठा पॅक.

त्या पॅकवर ती रोज संध्याकाळी व्हिडिओवर आपल्या शाळेतल्या मैत्रिणीशी बोलते. मैत्रिणीचं हातांचं नाव कानाजवळ गोल फिरवलेलं बोट, कारण तिचे केस कुरळे. म्हणून आम्ही तिला कुरळीच म्हणतो. कुरळीचं लग्न उशिरा झालं. तिच्या सासरी सगळे ऐकणारे, त्यामुळे दिवसभर तिच्याशी धड बोलणारं कोणी नाही. दोघी समोरासमोर आल्या की त्यांच्या शाळेच्या भाषेत अशा काही सुटतात, की मला ओ की ठो कळत नाही. माझ्याशी नणंद बोलते ती घरातली सोपी भाषा, लहान मुलाला सांगावं तशी.

ही चैन ती करते मात्र एखाद्या चिक्कू माणसासारखी. भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधते आणि तिच्यापुढे बसते. पंखा बंद, खिडकी बंद. माझी मुलं मागून गेली की हात झटकून हाकलते. मी विचारलं तेव्हा तिने समजावलं होतं, की मागे काही हललं की डेटा जास्त जातो. हे तिला कोणी शिकवलं नाही. कधी पडदा लावून, कधी काढून, रोज आकडे बघून तिचं तिने शोधलं. उन्हाळ्यात घामाने निथळत बसायची, पण पंखा म्हणून लावायची नाही.

रिचार्जवाल्याचं तर तिने डोकं खाल्लं होतं. दर वेळी त्याच्यापुढे चिठ्ठी ठेवायची: ‘कॉल नको. तेवढं नेट वाढवा.’ तो बिचारा कपाळाला हात लावायचा. एकदा मी बरोबर होते तर मला म्हणाला, “वहिनी, तुम्हीच समजवा. पॅक कंपनीकडून जसा येतो तसा येतो. मी काय त्यातला अर्धा कापून देऊ?” मी समजावलं. तिने मान डोलावली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तीच चिठ्ठी.

मग नवऱ्याचा ओव्हरटाइम बंद झाला. खर्चाला कात्री लावायची वेळ आली तेव्हा सगळ्यात आधी सगळ्यांची नजर तिच्या फोनवर गेली. नवरा मला म्हणाला, “तिची ती चैन जरा आवरायला सांग. काही महत्त्वाचं असलं तर मेसेज करता येतो की.” मी सांगितलं. ती भांडली नाही. छोटा पॅक घेतला, महिनाभराला दोन जीबी. रोजचं बोलणं गेलं, आता फक्त रविवारी, तेही थोडकंच. बाकी दिवस मेसेज. पण लिहिणं दोघींचंही तुटक, आणि कुरळीचा फोन तिच्या सासरी सगळेच उघडून बघतात. म्हणजे तिथे जाणार ते ‘जेवलीस का’ आणि ‘बरं आहे’ एवढंच. नणंदेचे घरातले हातवारेही कमी झाले. घर शांत झालं. मला ती शांतता आवडली नाही, हेही सांगून टाकते.

तिसऱ्या महिन्यात, पॅक संपलेला असताना कुरळीचा मेसेज आला, ‘हात दुखतो.’ नणंदेने तो मला दाखवला. मी म्हटलं, दुखत असेल, बाईमाणसाचं काय दुखत नाही? ती हलेना. तिचं म्हणणं असं, की कुरळी असल्या गोष्टी कधी लिहीत नाही. शेवटी मी माझ्या बटणांच्या फोनवरून कुरळीच्या सासूला फोन लावला.

“काही नाही हो,” सासू म्हणाली. “पाय घसरला, हात जरा लचकलाय. शेक देतोय. तिचा पहिल्यापासून बाऊ करायचा स्वभाव.”

मी नणंदेला सांगितलं, सगळं ठीक आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी मूर्ख आहे हे तिला भुवयांना चिमटा न घेताही सांगता आलं. मग उठली, पायात चपला अडकवल्या आणि गेली. दुकानातल्या कामाला नवीन कात्री घेण्यासाठी तिने पैसे साठवले होते, जुनीने बोटाला घट्टे पडायचे म्हणून. ते पैसे रिचार्जवाल्याकडे गेले.

त्या दिवशी चादर बांधायचीही तिला आठवण राहिली नाही. मुलं मागे धुडगूस घालत होती, पंखा चालू होता. मी शेजारी बसले. पडद्यावर कुरळी आली, एका कोठीच्या खोलीत, मागे धान्याचे डबे. तिचा उजवा हात मनगटापासून सुजून काळानिळा पडला होता आणि वर कसलंतरी फडकं गुंडाळलेलं. ती डाव्या हाताने बोलत होती. एका हाताने बोलणं किती जड जातं ते मी तेव्हा पाहिलं. एखादी खूण दोन हातांची असली की ती अर्धी करून थांबायची, मान हलवायची, दुसऱ्या वाटेने पुन्हा सुरू करायची. मधेच तिने दुखरा हात उचलायचा प्रयत्न केला आणि तिचा चेहरा पिळवटला.

नणंद रडत नव्हती. भराभर विचारत होती. मग माझ्याकडे वळून घरच्या सोप्या भाषेत एकेक करून सांगितलं. पडून नऊ दिवस झाले. डॉक्टरकडे नेलेलं नाही. बोटं हलत नाहीत. तिच्या भावाला फोन कर, सासूला नको. नंबर कुरळीने डाव्या हाताच्या बोटांवर एकेक आकडा करून दाखवला आणि नणंदेने मला लिहून दिला.

मी फोन लावला. पलीकडे मशीनची घरघर येत होती.

“मी तुमच्या बहिणीच्या मैत्रिणीची भावजय बोलतेय,” मी म्हटलं. “तिचा हात मोडलाय असं वाटतंय. ती म्हणते, मला घेऊन जा.”

“सासूबाई तर म्हणाल्या, ठीक आहे.”

“सासूबाईंना मीही विचारलं होतं. हे ती स्वतः सांगतेय. माझ्या समोर आहे ती.”

त्याने मशीन बंद केलं. मग म्हणाला, “तिला म्हणावं, निघालो.” मी भुवयांपाशी नेहमीची आठी घालून नणंदेला ते सांगितलं, नणंदेने पडद्याला सांगितलं, आणि कुरळी डोकं डब्याला टेकून डोळे मिटून बसली.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि वाकडं जुळायला लागलं होतं. डॉक्टरांनी ते पुन्हा बसवलं. आता ती भावाकडे आहे, हात प्लास्टरमध्ये. बोटं पूर्वीसारखी चालतील का, हे प्लास्टर निघाल्यावर कळेल असं डॉक्टर म्हणतात. तोवर डाव्या हाताने जेवढं जमेल तेवढं बोलायचं. दहा मिनिटांच्या गोष्टीला अर्धा तास लागतो. म्हणून नणंदेने पुन्हा मोठा पॅक घेतला आणि कुरळीच्या फोनवरही तसाच टाकला. आपल्या पगाराच्या पाकिटातून त्या महिन्यात तिने जरा जास्त पैसे काढून घेतले.

ते नवऱ्याच्या लक्षात आलं. जेवण झाल्यावर तो कोपऱ्यावर मित्रांशी गप्पा मारायला जातो, तसा गेला होता. परत आला आणि चपला काढता काढता म्हणाला, “पुन्हा मोठा पॅक? आणि दोन-दोन फोनांवर? ही चैन परवडणार आहे का आपल्याला?”

आतल्या खोलीत चादरीपुढे नणंदेचे हात चालू होते. मी ताटं पुसत होते.

“तुम्ही आत्ता कोपऱ्यावर तासभर बोलून आलात,” मी म्हटलं. “त्याचे किती झाले?”