सखूला घेऊन अमरावतीच्या दवाखान्यात

विलायतेत वऱ्हाडच्या कापसाची ओढ लागली आणि कधी नव्हे असा भाव आला, त्या साली मी ठरवलं की सखूला अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचंच. सखू माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची. जन्मापासून पाय लुळे, उजवा हात तेवढा धड, बोलणं दोन-तीन शब्दांपुरतं. असं लेकरू घेऊन कोणी त्या वाटेनं निघणार असेल तर उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो. आणि खरं सांगायचं तर ते दिवस मला फार आठवतात.

तयारीला महिना गेला. अडचण वाटेची नव्हती. पूर्वी एका हाडवैद्यानं सखूचे पाय असे काही ओढले होते की परका हात लागला की ती किंचाळायची, अंग ताठ करायची. तिनं डॉक्टरला हातच लावू दिला नाही तर सगळी पायपीट फुकट. म्हणून माझी बायको गंगा घरीच डॉक्टर व्हायची. डोक्याला माझं पागोटं, आवाज जाड. "दाखव पाय, काय होऊन राहिलं तुले?" सखू खदखदून हसायची. शेजारीण तसंच करायला आली की मात्र रडून घर डोक्यावर घ्यायची.

तेल्हाऱ्याहून अकोल्याला कापूस भरलेल्या गाडीनं दोन दिवस लागले. लेकराला गाडीत नुसत्या कडब्यावर निजवू नका, फार हादरे बसतात. गंगानं रुईची जाड गादी केली होती. एवढ्या महाग कापसावर लोळत जाणारी आमच्या गावची ती पहिलीच. पुढेमागे कापसाच्याच गाड्या, धुरळ्यात फक्त घुंगरं ऐकू यायची. दुपारी विहिरीवर थांबून भाकर-ठेचा खाल्ला. सखूसाठी दुधात कुस्करलेली भाकर.

अकोल्याच्या बाजारात सौदा हत्त्यानं होतो. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात, भाव तोंडानं बोलत नाहीत. सखू गाडीतून टक लावून बघत होती. आमचा सौदा झाल्यावर तिनं स्वतःचा हात पुढे केला. दलाल म्हातारा आणि मिश्कील होता. त्यानं तिच्या हातावर रुमाल टाकला आणि आत हात घातला.

"सांग भाव. तुह्या बापापेक्षा तूच पक्की दिसून राहिली."

सखूनं त्याची दोन बोटं आवळली आणि हसली. गंगानं मला कोपरानं ढोसलं. "पायलं का? परका हात हाय, अन् पोरगी हासून राहिली."

तिथून अमरावतीपर्यंत, मूर्तिजापुरात आणि बडनेऱ्याच्या धर्मशाळेत, आमचा एकच उद्योग होता. माझ्या उपरण्याखाली सखूचा हात. एक बोट दाबलं तर दुखत नाही, दोन दाबली तर दुखतं, मूठ आवळली तर थांबा. धर्मशाळेत भेटेल त्याला मी हत्ता करायला बसवायचो. लोक हसायचे, पण बसायचे.

दवाखान्यात पहाटेच जाऊन बसा, गर्दी फार. औषधाला पैसे पडले नाहीत. डॉक्टर गोरा साहेब होता. त्याचं बोलणं मदतनीस मराठीत सांगायचा. साहेबानं हात पुढे करताच सखू ताठ झाली.  मी घाईनं दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं आणि मदतनिसाला खूण समजावली. साहेबानं डावा हात तिच्या हातात ठेवला आणि उजव्यानं पाय चाचपले. घोट्याला एक बोट. गुडघ्याला एक. डाव्या खुब्याला मूठ.

"साहेब विचारतात, मुलीला उचलता कसे?" मदतनीस म्हणाला.

मी मोठ्या ऐटीत दाखवलं. कापसाचं गाठोडं उचलतो तसंच, डाव्या मांडीखाली हात घालून एका झटक्यात खांद्यावर. आमच्याकडे सगळे असंच उचलतात. साहेबानं मला मध्येच थांबवलं. मदतनीस हळू आवाजात म्हणाला, "खुब्याचं हाड जागेवर नाही. ती चालणार नाही. पण असं उचललं की तिला फार दुखतं. दोन्ही हातांवर आडवी घ्या."

ती चालेल का, एवढंच विचारायला मी गेलो होतो.

परतीची वाट मला फारशी आठवत नाही. एवढं आठवतं की मी तिला गाडीत दोन्ही हातांवर चढवलं आणि ती रडली नाही. तेजीचं ते साल केव्हाच सरलं. आज सखू मोठी आहे, ओसरीत बसून सरकी निवडते. ती चालली नाही. तरी त्या धुळीच्या वाटेवर तिच्याशी बोटांनी बोलत गेलो, तेवढे सुखाचे दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत.

घरी पोचलो त्या संध्याकाळी गंगानं तिला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "इतके वर्स कावून नाही सांगितलं, माय?"

 सखूनं तर रोज सांगितलं होतं. मी उचललं की ती रडायची, आणि आम्ही म्हणायचो, पोरगी हट्टी आहे.