ट्रकच्या आवाजाची मोटार

पोलिसाच्या नोकरीत चोरीची वाहनं पुष्कळ पकडली, पण त्या लांबलचक अमेरिकन मोटारीचा गुन्हा अजून मनातून गेलेला नाही.

फिर्यादी तिशीतला तरुण होता. त्याच्या मेकॅनिक वडिलांनी भंगारातली अमेरिकन मोटार आणून तिला ट्रकचं डिझेल इंजिन अन् जीपचा गिअरबॉक्स बसवला होता. उमेदीची सगळी वर्षं तिच्यात घातली. ते वारले आणि काही महिन्यांनी बजाजनगरच्या शेडमधून मोटार नाहीशी झाली. मी गुन्हा दाखल करून घेतला.

दुसऱ्याच दिवशी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, वैजापूर रोडला ढाब्यावर एक लंबी गाडी उभी हाय. दिसती शादीतली, आवाज ट्रकचा."

मोटार आणि ती चालवणारा वयस्कर इसम, दोन्ही ठाण्यात आणले. तो वारलेल्या मेकॅनिकचा जुना दोस्त निघाला. मोटार वैजापूरच्या गिऱ्हाइकाला विकायला नेत होतो, एवढं त्यानं कबूल केलं. कोणाच्या सांगण्यावरून, ते मात्र सांगेना.

चोर विचारण्याआधीच गोष्ट रचून ठेवतो. याच्याकडे गोष्टच नव्हती. शिवाय पंचनाम्यात शेडचं कुलूप शाबूत होतं, म्हणजे किल्ली घरातून आलेली. मी म्हणालो, "चाचा, असं गप्प राहिलात तर अटक करावी लागेल."

"करा साहेब. पण भाभीला ठाण्यात नका बोलवू."

भाभी म्हणजे फिर्यादीची आई. महिला अंमलदाराला घेऊन मी साध्या कपड्यात त्यांच्या घरी गेलो. मुलगा समोरच होता.

"किल्ली मीच दिली," त्या शांतपणे म्हणाल्या. "अब्बा गेल्यापासून हा काम सोडून त्या गाडीत बसतो. खाणं नाय, बोलणं नाय. एक माणूस त्या गाडीनं जन्मभर घराबाहेर ठेवला. दुसरा नाय देणार मी."

"अम्मी, मला सांगायचं तरी."

"आले होते सांगायला. तू काच वर करून बसला होतास."

मुलानं आईला खुर्ची सरकवून दिली. मग म्हणाला, "साहेब, चाचांना सोडा."

गैरसमजातून नोंदलेला गुन्हा म्हणून मी प्रकरण बंद करण्यासाठी कोर्टात 'क' समरी पाठवली, ती मंजूर झाली. मोटार परत मिळाल्यावर मुलानंच ती वैजापूरला नेली. शेजारी चाचा, मागं अम्मी. ती विकून तिघं एसटीनं परतले.

घरातल्या चोरीत मुद्देमाल लवकर सापडतो, चोरीमागचं कारण मात्र लवकर सापडत नाही, हे मी तिथं शिकलो. पुढं असं प्रकरण आलं की आधी घरच्यांना समोरासमोर बसवायचो, चहा मागवायचो आणि स्वतः गप्प राहायचो.