चकतीवरचं कुंकू

तर काल मी थांबलो तो तिसऱ्या वळणावर. सौमित्र खडीत आडवा, गाडी त्याच्या पुढे वीस हात, आणि तेवढ्यात तुमचा चहा संपला म्हणून तुम्ही उठलात. आज बसा नीट. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून घेतो, म्हणजे कोण पडला आणि कोणामुळे पडला याचा घोळ होणार नाही. घोळ व्हायचा तो त्या वर्षी झालाच आहे.

अक्षदा म्हणजे आमच्या लालबागच्या चाळीतल्या कोंडीरामची मुलगी. कोंडीराम गिरणीत माझ्याच खात्यात फिटर होता. गिरणी गेली तसा तो चाळीखालच्या गाळ्यात स्कूटर दुरुस्त करत बसला, आणि तो गेल्यावर त्याचा पाना मुलीने उचलला. वय एकोणतीस. डोळ्यांवर येणारे केस मनगटाने मागे सारायची सवय, त्यामुळे कपाळावर कायम एक काळा पट्टा. आईने किती वेळा म्हटलं असेल, गो बाय, टिकली लाव, काजळ कपाळाला कोण लावतं.

स्कूटर तिच्याकडे येतच होत्या, पण तिचा जीव त्या मोठ्या स्पोर्ट गाड्यांत. पुढे वाकलेल्या, मुसंडी मारायच्या पवित्र्यातल्या बैलांसारख्या. दादर, परळ, गिरगावची दहा-बारा पोरं-पोरी होती, सगळ्यांच्या गाड्या तिच्या हाताखाली. रविवारी पहाटे मिळून घाटात जायचे, आणि वर्षातून दोनदा गाड्या ट्रकात घालून कोइम्बतूरकडच्या ट्रॅकवर. ट्रॅक म्हणजे काय ते मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, नुसती वळणं, आजोबा. समोरून कोणी येत नाही, सिग्नल नाही, कुत्रं आडवं जात नाही. तिथे जायचं ते आपण ब्रेक किती उशिरा दाबू शकतो हे बघायला. मी म्हटलं, आम्हाला आयुष्यभर ब्रेक लवकर दाबायला शिकवला, तुमचं बरं आहे.

सौमित्र हा त्यांच्यातला दादरचा. घर सुशिक्षित, वडील बँकेत होते, मुलगा बोलायला गोड. गेल्याच्या गेल्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात अक्षदाने त्याच्या हिरव्या गाडीला पुढचे नवे ब्रेक पॅड टाकले. पॅड म्हणजे चाकाजवळच्या भोकाभोकांच्या लोखंडी चकतीला दोन्हीकडून चिमटीत धरतात ते. नवे पॅड लगेच धरत नाहीत, ते चकतीवर घासून बसवावे लागतात. त्यासाठी ही वडाळ्याला मिठागराच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर गेली आणि वीस वेळा वेग घेऊन वीस वेळा थांबली. मग गाडी त्याच्या हवाली केली.

दसऱ्याच्या संध्याकाळी वडाळ्यालाच गाड्या ट्रकात चढल्या. बापाने लावलेली तिची एक रीत होती. गाडी परत हाताखाली आली की प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, माझ्यानंतर गाडीला कोणी हात लावला? सौमित्रला तिने ट्रकापाशी विचारलं. ट्रॅकवर, उतरायच्या आधी, पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, नाही.

पहिला फेरा सावकाश असतो, त्यात ब्रेकची कसोटी लागत नाही. दुसऱ्या फेऱ्यात लांब सरळ पट्टा संपून तिसरं वळण आलं, त्याने ब्रेक दाबला, आणि गाडी थांबलीच नाही. खांद्याचं हाड मोडलं. जीव वाचला, हे देवाचं.

त्याला घेऊन अँब्युलन्स गेली आणि अक्षदा त्या आडव्या मोटरसायकलीपाशी बसली. ट्रकात चढवायची म्हणून चाक मोकळं करायला तिने पुढचा ब्रेक उघडला. पॅड तेलाने चमकत होते. कडेच्या खाचेत लाल गाळ साचला होता. तिने नाकाजवळ नेला. तिळाचं तेल आणि कापूर. कुठल्याच मोटरसायकलीत तिळाचं तेल नसतं.

आता हे आम्हा गिरणीवाल्यांना सांगावं लागत नाही. दसऱ्याला आम्ही साचे, म्हणजे माग, पुजायचो, झेंडूच्या माळा, नारळ, सगळं. पण पहिल्या वर्षी लागलेल्या पोराला जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आधी दटावून सांगायचा, कुंकू फ्रेमला, तेल बेअरिंगला, चालत्या भागाला बोट लावायचं नाही. सौमित्रच्या घरी कुठे साचे होते? तिथे दसऱ्याला पाटी, पुस्तकं आणि शाईची दौत पुजायचे. त्या घरात पहिलं यंत्र आलं ते हे. त्याची आई, ललिताबाई, ताट घेऊन खाली आली असेल, टाकीला बोट लावायला गेली असेल, आणि हा ओरडला असेल, आई, रंग खराब होईल, खाली कुठेतरी लोखंडाला लाव. खाली लोखंड म्हणून डोळ्यांत भरणारी एकच वस्तू, ती चकचकीत चकती. मग याने फडक्याने पुसलं, म्हणजे स्वस्तिकाचं तेल होतं ते चकतीभर पसरलं. हे सगळं आम्ही गाळ्यात बसून जुळवलं. पुरावा म्हणाल तर ते दोन पॅड, पेढ्यांच्या एका डब्यात.

डबा तेव्हाच उघडला असता, पण पोरगी म्हणाली, आधी त्याला बरा होऊ दे. आणि सहाव्या दिवशी सौमित्रने इस्पितळाच्या खाटेवरून मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं. शब्द मला पाठ आहेत. "कोणाला दोष देत नाही. पण पॅड कोणी टाकले होते ते सगळ्यांना माहीत आहे."

दोष देत नाही म्हणे. अशा माणसाला आमच्याकडे मऊ मेणाचा म्हणतात, आत सुरी ठेवून ओतलेला.

महिन्याभरात गाळा रिकामा झाला. भांडायला कोणी आलं नाही. एकेकाचा फोन यायचा, जरा बिझी आहे, नंतर आणतो. हितेंद्र शेवटचा गेला, आणि ते लागलं तिला. परळचा हितेंद्र, वडाळ्याच्या त्याच रस्त्यावर तिने त्याला वळण घ्यायला शिकवलं होतं. तो स्वतः आला, मान खाली घालून म्हणाला, घरचे ऐकत नाहीत गं, आणि गाडी ढकलत घेऊन गेला. चालू करून नव्हे, ढकलत. ती पुन्हा डिलिव्हरीवाल्यांच्या स्कूटरींना भिडली. घर चालत होतं. पण ब्रेकचं काम करणाऱ्याचं एकदा नाव गेलं, की त्याच्या हातातला पाना नुसता लोखंडाचा तुकडा.

मी रोज संध्याकाळी स्टुलावर बसून विचारायचो, डबा कधी उघडतेस? ती म्हणायची, मी दाखवला तर तो म्हणेल तूच तेल सांडलंस. त्याच्या घरातून शब्द आला पाहिजे.

तेव्हा मी तिला आमच्या गावच्या शामराव गुरुजींची गोष्ट सांगितली. गुरुजींची छत्री शाळेतून कोणीतरी पळवली. कोणी ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण बोलले नाहीत, आषाढभर घोंगडीची खोळ करून फिरले. श्रावणात त्या माणसाकडे पूजेच्या जेवणाला गेले, चांगले चार लाडू खाल्ले, आणि निघताना पाऊस बघून त्याच्या बायकोला म्हणाले, वहिनी, छत्री असेल तर द्या हो. तिने भाबडेपणाने आतून आणून दिली. दांड्यावर गुरुजींचं नाव कोरलेलं, आणि ओसरीवर सगळं गाव. गुरुजी म्हणाले, उद्या परत पाठवतो. अजून पाठवायचेत.

अक्षदा हसली नाही. पाना पुसता पुसता थांबली, एवढं मी पाहिलं.

सूड म्हटला की माणसं तोंड वाकडं करतात. मला विचाराल तर तो फणसासारखा आहे, घाईने कापला तर चीकच हाताला लागतो. आमच्या पोरीने पूर्ण पिकू दिला. सौमित्रने मोडकी हिरवी गाडी विकून नवी घेतली होती. जुनी कुर्ल्याला एका दलालाकडे धूळ खात होती. एक दिवस अक्षदाने ती विकत घेतली आणि टेम्पोत घालून गाळ्यात आणली. मी म्हटलं, ही अवलक्षणी कशाला? तर म्हणाली, साक्षीदार आहे, आजोबा.

सात महिने तिने त्या गाडीवर काढले. पुढचे पाय, म्हणजे चाक धरणारे दांडे, सरळ केले, वाकडं हँडल बदललं. चकती मात्र तीच ठेवली, नुसती धुऊन स्वच्छ केली, आणि पॅड टाकले ते अगदी त्याच जातीचे. टाकीवरची खडीची खरवड मुद्दाम ठेवली. तेल सांडलं होतं हे तिला ठाऊक होतं, पण तेल नसतं तर आपल्या हातचा ब्रेक त्या वळणावर खरंच धरला असता का, हे तिला स्वतःला बघायचं होतं. म्हणून पावसाळा संपल्यावर अनोळखी लोकांबरोबर त्याच ट्रॅकवर गेली. तिसऱ्या वळणाआधी अंतराच्या पाट्या असतात, दोनशे, दीडशे, शंभर. तिने शंभरची पाटी मागे जाईपर्यंत ब्रेकला बोट लावलं नाही. परत येऊन मला एवढंच म्हणाली, धरला.

मग गेला दसरा आला. त्या वर्षी पोरांनी ठरवलं होतं, सगळ्यांच्या गाड्या सौमित्रच्या इमारतीच्या आवारात, एकत्र पूजा. अक्षदाला कोणी बोलावलं नव्हतं. तिने ललिताबाईंनाच फोन लावला. काकू, माझी पण गाडी आणू का? त्या बिचाऱ्या म्हणाल्या, अगं विचारतेस काय. मग अक्षदा मला म्हणाली, चला आजोबा, नारळ फोडायला वडीलधारं कोणी हवं. शहात्तराव्या वर्षी मी त्या गाडीच्या टीचभर सीटवर फांदी धरलेल्या माकडासारखा लालबाग ते दादर गेलो. मजा आली हो.

आवारात दहा-बारा गाड्या ओळीत. आमची हिरवी शेवटी उभी राहिली. सौमित्रने टाकीवरची खरवड बघितली आणि त्याचा चेहरा दुधात लिंबू पिळल्यासारखा झाला. हितेंद्र नमस्कार करायला माझ्यापाशी आला, पण नजर गाडीवर.

ललिताबाई ताट घेऊन एकेक गाडी पुजत आल्या. हिरवीपाशी थांबल्या. "अय्या, ही आपलीच ना रे सौमित्र? मागच्या दसऱ्याला मीच पुजली. तू टाकीला लावू देईनास, म्हणून मी या गोल चकतीवर केवढं मोठं स्वस्तिक काढलं होतं, तेलातल्या कुंकवाचं." आणि बोट भिजवून त्या खाली वाकल्या, पुन्हा तिथेच काढायला.

गाड्या चालवणारी पोरं ती, चकतीला तेल म्हणजे काय हे त्यांना सांगायला नको. सगळ्यांच्या माना सौमित्रकडे वळल्या. बाईंना मात्र काही कळलं नाही, आणि कळू नये याची काळजी आमच्या पोरीनेच घेतली. तिने हलकेच त्यांचा हात धरला, वर फ्रेमवर नेला आणि म्हणाली, "काकू, इथे लावा. इथलं पुसलं जात नाही." त्यांनी तिथे लावलं. मी नारळ फोडला. पहिल्याच दणक्यात दोन सारखी शकलं, तसा नारळ मी चाळीस वर्षांत फोडला नव्हता.

मला वाटलं होतं ती तिथेच डबा काढेल. मी तर खिशात चष्मा तयार ठेवला होता. ती साखर तोंडात टाकून सरळ निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हितेंद्र आला. गाडी घेऊनच आला, स्टँडवर लावली आणि बाहेर उभा राहिला. अक्षदाने त्या गाडीकडे बघितलंही नाही, हातातली स्कूटर पुरी केली, मग दुसरी घेतली. त्याला तिने दुपारपर्यंत उभा ठेवला. मी त्याला स्टूलसुद्धा दिलं नाही.

दुपारी सौमित्र आला. हितेंद्र तिथेच, मी तिथेच. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात ट्रॅक आहे, नव्या गाडीला पॅड तूच टाक, तुझ्यासारखा हात कोणाचा नाही, मी सगळ्यांना सांगतो. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मागच्या वर्षी आईची चूक झाली गं. तिला काय कळतं यातलं. ग्रुपवर तसं लिहून टाकतो, आईने नकळत तेल लावलं, म्हणजे विषय संपला."

अक्षदाने पाना खाली ठेवला. फळीवरचा पेढ्यांचा डबा काढला आणि न उघडता त्याच्यासमोर बाकड्यावर ठेवला. कपाळावर आलेले केस मनगटाने मागे सारले, आणि म्हणाली:

"पॅड मी टाकीन. पण आधी लिहायचं, आत्ता, इथे उभा राहून. मी तुला दोनदा विचारलं होतं, माझ्यानंतर कोणी हात लावला का, आणि तू दोन्ही वेळा नाही म्हणालास. एवढंच लिही, तुझ्या नावाने. त्यात काकूंचं नाव आलं, तर तू जिथे जिथे गाडी उतरवशील तिथे तुझ्याआधी तुझ्या त्या पॅडचा हा डबा पोचलेला असेल."