सत्तिराजूने ओळखलेले तीन फोटो

कल्पना करा, तुमच्या हातात कॅमेरा आहे आणि समोर लग्न लागलंय. मंगळसूत्र बांधून झालंय. आता नवरानवरी एकमेकांच्या डोक्यावर हळदीचे तांदूळ ओतणार. ओंजळ वर जाते, मागून मावश्या ओरडतात, तांदूळ सुटतो. तुम्हाला असा फोटो हवाय की तांदूळ अजून हवेत आहे, नवरीचे डोळे उघडे आहेत आणि ती हसतेय. सोपं वाटतं ना? पण अंगावर काही येताना माणूस डोळे मिटतोच. उघडे डोळे हवेत म्हणून आधी बटण दाबावं, तर हवेत काहीच नसतं, नुसती भरलेली ओंजळ. थांबावं तर तांदूळ असतो आणि नवरी आंधळी दिसते. या दोन्हींच्या मधे एक बारीकशी सापट आहे. तेवढ्यात कुणाचा तरी मेव्हणा मोबाइल उंच धरून मधे डोकं घालतो, आणि तीही जाते.

आंध्रातल्या मंडपेट्याचा सत्तिराजू ही सापट तीस वर्षं पकडत आला होता. रीळ भरायच्या कॅमेऱ्यापासून.

तो ओतणाऱ्या हातांकडे बघायचाच नाही. नवरीच्या गळ्याकडे बघायचा. तांदूळ येणार हे कळलं की आधी गळा किंचित आत जातो, डोळे त्यानंतर मिटतात. गळा हलला की बटण. एवढीच विद्या. पण ती त्याने कुणाला सुखासुखी दिली नाही. नूकराजू त्याच्या उषा स्टुडिओत शिकायला आला, तेव्हा सत्तिराजू त्याचे मिटल्या डोळ्यांचे फोटो काउंटरवर मांडून ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "बघा हो, आमच्या नूकाने आंधळ्यांचं लग्न लावलंय." गिऱ्हाईक हसायचं. मग तो नूकराजूच्याच हाताने ते फोटो फाडायला लावायचा. "अजून बारीक फाड. तुला पुन्हा चिकटवता येतील इतके मोठे तुकडे नकोत."

नूकराजू सात वर्षं फाडत राहिला, आणि शिकला.

पुढे तो वेगळा झाला. बसस्टँडसमोर काचेचं दार, आत गार हवा, आणि दारावर अक्षरं: पंचेचाळीस मेगापिक्सेल. मंडपेट्यात तोवर कुणी फोटोग्राफरला आकडा विचारला नव्हता. आता लग्नाची बोलणी करायला आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच विचारू लागला.

"तुमचा किती मेगापिक्सेलचा हो, मास्टरगारू?"

"बारा."

"बाराच? आमच्या मेव्हण्याच्या फोनला अठ्ठेचाळीस आहेत!"

"मग मेव्हण्यालाच मंडपात उभा करा. मी पंगतीला बसतो."

खरं सांगायचं तर सत्तिराजूचं काही चुकत नव्हतं. लग्नाच्या अल्बमचं पान एक फूट बाय दीड फूट. ते मांडीवर घेऊन बघतात. तेवढ्या अंतरावरून तेवढ्या पानात माणसाच्या डोळ्याला जेवढे ठिपके वेगळे दिसू शकतात, तेवढे बारा मेगापिक्सेलमधे जवळजवळ येऊन जातात. वरचे ठिपके पानावर असतात, पण डोळ्यात शिरत नाहीत. फोटोचा एखादा कोपरा कापून तेवढाच मोठा करायचा असेल तर ते उपयोगी पडतात. चौकातल्या फलकाला तर उलट कमी लागतात, कारण तो लांबून बघायचा असतो. हे सगळं सत्तिराजू प्रत्येकाला समजावून सांगायचा, पट्टी घेऊन, पान मोजून दाखवून. लोक मान डोलवायचे आणि बसस्टँडकडे जायचे.

त्याच्याकडे एकच मोठं घर उरलं होतं, बुल्लिअब्बायगारूंचं. कालव्याकाठी तांदळाची गिरणी, मंडपेट्यात शब्दाला वजन. त्यांचं स्वतःचं लग्नही सत्तिराजूनेच टिपलेलं. थोरल्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनी हट्टाने नूकराजूला आणलं, तरी बुल्लिअब्बायगारूंनी सत्तिराजूला सोडलं नाही. दोघांनी खांद्याला खांदा लावून एकच लग्न काढलं. आता धाकटीचं लग्न ठरलं होतं. ते हातचं गेलं तर कालव्याकाठची बाकीची घरंही मागोमाग जाणार, हे सत्तिराजूला कळत होतं. त्याची बायको मंगतायारू हिला तर ते त्याच्याही आधी कळलं होतं. "तिथे जाऊन वाद घालू नका," ती इस्त्रीचा शर्ट हातात देत म्हणाली. "कामाचं तेवढं बोला आणि या."

बोलण्यांच्या दिवशी जेवणं झाली. मोठ्या टेबलावरची पानं उचलली, पूतरेकूंचं, तांदळाच्या पापुद्र्यांच्या मिठाईचं, ताट फिरलं. नव्या व्याह्यांकडचे तणुकूचे एक मामा, घरचे पुरोहित पंतुलुगारू, बुल्लिअब्बायगारू, सत्तिराजू. नूकराजूलाही बोलावलं होतं. बुल्लिअब्बायगारूंचा मुलगा फणींद्र हैदराबादेत कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याला हा वाद फार आवडायचा. त्याने पाकिटातून सहा फोटो काढून टेबलावर ओळीने लावले.

"अक्काच्या लग्नातले तांदळाचे फोटो. तीन मास्टरगारूंचे, तीन नूकराजूचे. एकच कागद, एकच प्रेस, एकच माप, कुठे काही कापलेलं नाही. मागे कुणाचा ते लिहिलंय. मामा, यातले पंचेचाळीसवाले तीन उचला."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "त्यात काय अवघड? हा. केस न केस दिसतोय. आणि हा. आणि हा."

फणींद्रने फोटो स्वतःकडे वळवून मागे पाहिलं. "तिनात एक बरोबर." त्याने सहाही पिसून पुन्हा लावले आणि वडिलांकडे वळला. "नाना, तुम्ही."

बुल्लिअब्बायगारूंचे दोन बरोबर आले. आतून त्यांची बायको आली, तिचा एक. पंतुलुगारूंनी हात जोडले. "मला यातलं काही विचारू नका. माझं टक्कल सहाही फोटोंत सारखंच चमकतंय."

सगळे हसले. सत्तिराजू सगळ्यांत मोठ्याने हसला. इतके दिवस पट्टी घेऊन सांगितलं ते आज गिरणीवाल्याच्या टेबलावर ठरलं होतं. कुणाला फरक दिसत नव्हता.

"झालं ना?" तो म्हणाला. "आता पंचेचाळीस घ्या नाहीतर पंचेचाळीस कोटी घ्या."

"झालं बाबा," बुल्लिअब्बायगारू म्हणाले. "कॅमेऱ्यात काही नाही, कबूल."

इथे सत्तिराजू उठला असता, चपला घातल्या असत्या, तर लग्न त्याचंच होतं. पण समोर नूकराजू खाली मान घालून पूतरेकू खात होता, आणि त्या वाकलेल्या मानेकडे बघून सत्तिराजूला राहवलं नाही.

"कॅमेरा कुणीही आणतो रे नूका. डोळा कुठल्या दुकानात मिळतो? ही सगळी साधी माणसं, त्यांना नाही कळायचं. माझा फोटो मी हजारात ओळखीन."

"हजार कशाला?" फणींद्र म्हणाला. "सहा आहेत. ओळखा."

सत्तिराजूने बाह्या वर केल्या. एकाच लग्नातले दोन हजार फोटो, तेही दोन वर्षांपूर्वीचे. आठवणीने ओळखणं शक्यच नव्हतं. बघूनच सांगायचं होतं. त्याने बघितलं, आणि त्याला जराही शंका आली नाही. पहिला डाव्या हाताला घेतला. "हा माझा. गळा बघा, नुकताच आत जातोय. दाणा पापणीपासून बोटभर लांब, आणि पोरगी हसतेय." दुसरा घेतला. "हाही माझा." तिसऱ्यावर नुसतं बोट आपटलं.

मग उरलेले तीन त्याने एका बोटाने नूकराजूकडे सरकवले. त्याची जुनी जीभ सुटली. "आणि हे घ्या आमच्या शिष्याचे. हा बघा, तांदूळ खांद्यावर येऊन बसला तेव्हा यांना जाग आली. इथे नवरी दिसतेय की शिंक? आणि हा, हा तर बटण दाबताना झोपलाच होता गाढव. इतकी वर्षं शिकवून हे! माझ्या दुकानात असता तर फाडायला लावले असते."

नूकराजूने हातातला पूतरेकू संपवला. त्याने बोटं पुसली.

फणींद्रने सत्तिराजूच्या हाताखालचा पहिला फोटो उलटला. मागे नूकराजूचं नाव. दुसरा उलटला. नूकराजू. तिसरा सत्तिराजूने स्वतःच उलटला. नूकराजू.

क्षणभर कुणाला कळेना काय झालं ते. पहिल्यांदा मामांना कळलं. "म्हणजे तो झोपलेला गाढव..." ते एवढंच म्हणाले, आणि टेबल फुटल्यासारखं हसू उसळलं. पंतुलुगारूंना ठसका लागला. काय झालं ते बघायला स्वयंपाकघरातून बायका आल्या. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगण्यात आलं, शिंकेसकट. त्या हसल्या. मग एकीने तो शिंकेचा फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "खरंच हो, शिंकच आहे." पुन्हा सगळे हसले.

"मास्टरगारू, डोळे मिटून उचलले असते तरी एखादा बरोबर आला असता," फणींद्र डोळे पुसत म्हणाला. "तिन्हीच्या तिन्ही चुकायचे म्हणजे वीस वेळा खेळलं तर एकदा होतं."

"पुरे आता," बुल्लिअब्बायगारू म्हणाले, पण त्यांचंही पोट हलत होतं.

हसू ओसरल्यावर नूकराजू उठला आणि सगळ्यांसमोर सत्तिराजूच्या पाया पडला. "जे काही येतं ते मास्टरगारूंनीच शिकवलंय." आवाज अगदी मऊ होता. "बुल्लिअब्बायगारू, धाकटीचं लग्न मी टिपीन. मास्टरगारूंनाही सोबत घेतो. आहेर द्यायला लोक रांगेने वर येतात ना, ते फोटो ते काढतील. तिथे कुणी डोळे मिटत नाही."

बुल्लिअब्बायगारूंना ही तोड फार पसंत पडली. कुणाचं मन मोडलं नाही असं त्यांना वाटलं.

आठवड्याभरात मंडपेट्यात एक नवीन खेळ सुरू झाला. सत्तिराजू चहाच्या टपरीवर आला की कुणीतरी मोबाइल पुढे धरायचं. "मास्टरगारू, हा तुमचा की त्याचा?" एका पानवाल्याने त्याला स्वतःच्याच म्हशीचा फोटो दाखवला.

मंगतायारू म्हणाली, "डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल. तसं असेल तर लोकांना सांगता तरी येईल." तो राजमुंद्रीला गेला. वाटभर तो मोतीबिंदू निघावा म्हणून मनात हात जोडत होता. डॉक्टरांनी दिवा मारून दोन्ही डोळे बघितले, अक्षरं वाचायला लावली. शेवटची ओळही त्याने धडाधड वाचली.

"या वयात असे डोळे मी बघितले नाहीत," डॉक्टर म्हणाले. "नशीबवान आहात."

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय निघालं?"

"काही नाही."

"काहीच नाही?" तिने भाताचं ताट पुढे सरकवलं. "मग आता लोकांना काय सांगायचं?"

तो भात कालवू लागला. फणींद्रचं ते बोलणं मात्र त्याच्या डोक्यात घर करून बसलं. वीस वेळा खेळलं तर एकदा. म्हणजे नुसतं नशीब नव्हे. बाकीच्यांना फरक दिसला नाही, त्याला दिसला. त्याच्या डोळ्याने सहांतले तीन नेमके बाजूला काढले होते, एकही चूक न करता. फक्त नाव उलटं लावलं होतं. मग त्याच्या डोळ्याला दिसलं तरी काय? ते जास्तीचे ठिपके त्याच्या डोळ्यात शिरले, आणि त्यांनाच तो आपला हात समजला? की ठिपक्यांचा काही संबंध नव्हता, आणि त्याचा हात म्हणून जे काही होतं ते केव्हाच नूकराजूकडे गेलं होतं?

शोधायचा एक मार्ग होता. तो बसस्टँडसमोरच्या काचेच्या दारातून आत गेला.

"नूका, एक लग्न कॅमेरे बदलून काढू. तुझा मी घेतो, माझा तू घे. पुन्हा सहा फोटो लावू. कुणाला बोलवायचं नाही, आपण दोघंच."

नूकराजूने त्याला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग म्हणाला, "कशाला, मास्टरगारू?"

"मला कळायला हवं."

"तुमचा कॅमेरा घेऊन मी चांगले काढले तर तुमचं काही उरणार नाही. माझा घेऊन तुम्ही चांगले काढलेत तर माझं काही उरणार नाही. आणि लोकांना तर केव्हाच कळलंय." तो हसला. त्यात राग नव्हता. "तुम्ही माझे फोटो फाडायला लावायचा, तेव्हा मी कधी विचारलं का, यात माझी चूक किती आणि तुमच्या त्या जुन्या कॅमेऱ्याची किती? विचारायचं मनात यायचं. पण फाडायचं काम असायचं."

पाणी आलं. सत्तिराजूने ते उभ्यानेच प्यायलं.

धाकटीच्या लग्नात तो आहेराच्या रांगेसमोर उभा राहिला. काढले ते सगळे फोटो स्वच्छ आले, सगळ्यांचे डोळे उघडे. पलीकडे तांदूळ ओतायला सुरुवात झाली, तेव्हा त्याच्यापुढे कुणीतरी मिक्सर आणला होता आणि तो खोक्यासकट दिसायला हवा होता.

उषा स्टुडिओत आता पासपोर्टचे फोटो निघतात. स्टुलावर बसलेल्या माणसाला सत्तिराजू हनुवटी वर करायला सांगतो, बटण दाबतो, आणि तो माणूस उठायच्या आत त्याला विचारतो, ओळखीचा असो वा नसो: "तुम्ही शिकलेले दिसता, तुम्हीच सांगा. त्या दिवशी मी ओळखलं ते काय, त्याचा कॅमेरा की त्याचा हात?"