मोठीआईला न पटलेली पांघरुणं

मोठीआई दुकानात शिरली की दुकानदारानं सावध व्हावं. माझ्या बाळासाठी ब्लँकेट घ्यायला आम्ही चंद्रपूरच्या बाजारात गेलो, तेव्हा तिनं गठ्ठ्यातलं सगळ्यात जाड, मऊ ब्लँकेट उचललं, डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढलं आणि तशीच उभी राहिली. भर दुकानात! गिऱ्हाइकं बघायला लागली, नोकर तोंड दाबून हसायला लागला, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "हवा नाई येऊन राह्यली. ठेव हे."

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आता ती नाही. मोठे बाबा लवकर गेले, पदरात मूल नाही, तेव्हापासून ती पोंभुर्ण्याला आमच्याच घरी होती. संशय हा तिचा स्थायीभाव. कंडक्टरनं "बसा बाई, हीच गाडी" म्हटलं तरी आणखी दोघांना विचारल्याशिवाय ती पायरी चढायची नाही. वर म्हणायची, "तो तं म्हणनच. त्याले गाडी भराची हाये."

आमचं बाळ पौषातल्या थंडीत जन्मलं, तेही वजनानं कमी. त्याला ऊब द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्याकडची जंगलाची थंडी काही साधी नसते. त्यामुळे माझी बायको प्रणाली धास्तावलेलीच होती. बाळाचे तळवे जरा गार लागले की तिचा जीव खालीवर व्हायचा.

बाजारातून रिकाम्या हातानं आलो म्हणून मी फोनवरून एक ब्लँकेट मागवलं. त्यावर अस्वलांची चित्रं होती. मोठीआईनं खोका चारही बाजूंनी बघितला, ब्लँकेट तोंडावर घेतलं आणि शिंकली. "याची लव नाकात जाते, बाबू. कोणं पाठवलं हे? पाह्यलं का तू त्याले?" आता कंपनीवाल्याला मी कुठून पाहणार! मग प्रणालीच्या आईनं ब्रह्मपुरीहून स्वतः शिवलेली गोदडी पाठवली. मोठीआईनं ती हातावर तोलली. "लय जड हाये. लेकराले ढकलता येते का?"

माहेरच्या गोदडीला नाव ठेवलं म्हटल्यावर प्रणालीचं डोकंच फिरलं. त्यात शेजारणीनं तिचे कान भरले. मला एकटं गाठून प्रणाली म्हणाली, "यांच्या मनात काय हाये मले समजत नाई. आपलं लेकरू काकडावं असंच वाटते का यांना?" मी तिला गप्प केलं खरं, पण माझ्याही मनात पाल चुकचुकलीच. मोठीआई पाळण्याजवळ गेली की मीही उगाच काहीतरी शोधायच्या निमित्तानं त्या खोलीत जायला लागलो.

एका सकाळी फारच गारठा होता. प्रणालीनं ती गोदडी बाळाच्या नाकापर्यंत ओढली आणि वळली, तोच मोठीआईनं येऊन ती सर्रकन खाली खेचली. झालं! प्रणाली ओरडलीच, "तुमाले लेकरू झालं असतं ना, तं समजलं असतं!"

मी डोळे मिटून घेतले. मोठीआईची जीभ मला ठाऊक होती. पण ती खाली बसली, पदर गुडघ्यावर नीट केला आणि मग म्हणाली, "झालतं."

तिनं गोदडीकडे बोट दाखवलं.

"बारसं बी नोयतं झालं. अशीच थंडी होती. मीच दोन कांबळी टाकली, तोंडावरून. सकारी उठलो, तं तो उठलाच नाई. सारे म्हणत, थंडीनं गेला. मी कोणाले काई सांगतलं नाई."

मी याच घरात वाढलो, दाढीचे केस पिकायला आले, पण हे कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. प्रणालीनं गोदडी बाजूला केली, बाळाला आणखी एक झबलं घातलं, वरून विरळ विणीचं सुती पांघरूण छातीपर्यंतच घेतलं आणि बाळ मोठीआईपुढे धरलं.

मोठीआईनं हात मागे घेतले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या घरातलं एकही तान्हं मूल तिनं कधी मांडीवर घेतलं नव्हतं. तिला लुगडं ओलं झालेलं खपत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो.

"माह्याजवळ देऊन राह्यली?" ती प्रणालीला म्हणाली. दुकानदाराकडे, कंडक्टरकडे बघायची, तसंच ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. "नीट इचार कर, बाई."

"घ्या हो मोठीआई," प्रणाली रडतच म्हणाली.

तिनं घेतलं. त्यानंतर रोज ऊन वर आलं की ती अंगणात बाळाला घेऊन बसायची आणि त्याच्या छातीवरची नजर हलवायची नाही. चहा पुढे ठेवला तर निवून जायचा. असे बरेच दिवस गेले. एकदा बघतो तर बाळ तिच्या मांडीवर गाढ झोपलेलं, आणि मोठीआईचीही मान कलंडलेली, तोंड किंचित उघडं. मी घाईघाईनं बाळ उचलायला निघालो, तर प्रणालीनं मला हातानंच अडवलं आणि ती मोठीआईला अगदी खेटून बसली.

"झोपू द्या त्यांना," ती हळूच म्हणाली. "मी हाये नं जागी."